पाणथळीच्या काठावरची शाळा

नाशिकच्या पूर्वेला, निफाड तालुक्यात, कादवा नदी गोदावरीला मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या संगमाजवळ बंधारा बांधला गेला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पावसाळ्यातले पाणी अडवायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी ते खाली कोपरगाव-राहात्याकडच्या कोरडवाहू जमिनींपर्यंत न्यायचे, एवढाच त्यामागचा हेतू होता. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. पण दोन नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. पाणी उथळ झाले, मधे बेटे तयार झाली, काठाने पाणकणीस आणि गवत माजले आणि हिवाळ्यात हजारोंनी पाखरे उतरू लागली. १९८६ साली शासनाने नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य घोषित केले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. रामसरच्या नोंदीत या पाणथळीचे क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे आणि इथे आढळलेल्या सजीवांच्या जाती ५३६ आहेत.

माणसाने बांधलेल्या बंधाऱ्यातून अभयारण्य उभे राहिले, ही गोष्ट मुलांना शिकवण्याच्या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. निसर्ग म्हणजे माणसापासून दूर, कुठेतरी घनदाट अरण्यात असलेली वस्तू, असा समज आपण मुलांच्या मनात नकळत रुजवतो. नांदूर मध्यमेश्वरला तो टिकत नाही. इथे पाण्याची पातळी पाटबंधारे खाते ठरवते, काठावर ऊस आणि द्राक्षबागा उभ्या आहेत, उसात बिबट्या आहे, पाण्यात मासेमारांची जाळी आहेत आणि या सगळ्याच्या मधोमध सैबेरिया आणि मध्य आशियातून आलेली बदके चरत आहेत. अभयारण्य म्हणून अधिसूचित झालेले क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात पाण्याबरोबरच गावे आणि शेतेही येतात. पर्यावरण या विषयात मुलांना जे काही कळावे असे आपल्याला वाटते, ते जवळजवळ सगळे इथे एका मनोऱ्यावरून दिसते. ते दाखवायचे कसे, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

आपल्याकडे पर्यावरण शिक्षणाला पाठ्यपुस्तकांची उणीव नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि अंमलबजावणी रेंगाळल्यावर २००३ साली पुन्हा बजावले. प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास आहे, वरच्या वर्गांना जलसुरक्षेचे पुस्तक आहे, शाळाशाळांतून हरित सेना आहे. उणीव आहे ती परिसराची. परिसर अभ्यासाचा तास चार भिंतींच्या आत होतो, प्रकल्पाच्या वहीत दुकानातून आणलेली चित्रे चिकटवली जातात आणि पाणथळ जागेची व्याख्या पाठ असलेल्या मुलाचे पाय कधी चिखलाला लागलेले नसतात. अभयारण्याची भेट हा त्यावरचा उतारा ठरू शकतो, पण ती भेट नीट झाली तर.

बहुतेक वेळा ती नीट होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या आगेमागे सहल निघते. एकाच दिवसात दोन देवस्थाने, एक लेणे आणि वाटेत हे अभयारण्य उरकायचे असते. बस अकराच्या सुमारास अभयारण्याच्या काठावरच्या चापडगावला पोचते. तोवर ऊन चढलेले असते, बदके पाण्याच्या मध्यभागी जाऊन माना पाठीत खुपसून बसलेली असतात. मुले गाणी म्हणत उतरतात, शिक्षक हजेरी घेतात, एका स्पॉटिंग स्कोपपुढे रांग लागते. साधा हिशेब करून पाहा. पन्नास मुले आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट म्हटले, तरी रांग संपायला पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे प्रत्येक मुलाने अर्धा मिनिट पाहिले आणि शेवटच्या मुलाने त्याआधी साडेचोवीस मिनिटे पुढच्याच्या पाठीकडे बघत काढली. त्या अर्ध्या मिनिटातही निम्म्यांना भिंगातून नेमके काय पाहायचे ते उमगत नाही. ती ‘दिसला, दिसला’ म्हणून बाजूला होतात, कारण मागून ढकलाढकली चाललेली असते. मग डबे, मग वेफर्सची पाकिटे, मग पुढचा मुक्काम. यात मुलांचा काहीच दोष नाही. अशा भेटीतून पक्ष्यांना त्रास होतो आणि मुलांच्या पदरी काही पडत नाही.

म्हणून या पुस्तिकेत आग्रहाने धरलेली पहिली गोष्ट म्हणजे गट लहान ठेवण्याची. एका वेळी दहा-बारा मुले मनोऱ्यावर, तेवढीच बांधावर, तेवढीच माहिती केंद्रात, बाकीची सावलीत वही घेऊन, आणि ठरावीक वेळाने अदलाबदल. सोबत स्थानिक गाईड. काठच्या गावांतली तरुण मुले इथे गाईडचे काम करतात. आज कोणता थवा कुठे आहे, कालच्यापेक्षा पाणी किती उतरले, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना आदल्या दिवशी फोन करून मुले कोणत्या इयत्तेची आहेत एवढे जरी सांगितले, तरी भेटीचा दर्जा बदलतो.

दुसरा आग्रह थोडे आणि सावकाश पाहण्याचा आहे. पक्ष्यांच्या नावांची यादी भरवण्याचा हव्यास शिक्षकांना असतो, कारण यादी तपासता येते. पन्नास नावे लिहून आणलेल्या मुलाला शाबासकी मिळते. मला विचाराल तर त्या मुलाने एकच पक्षी दहा मिनिटे पाहिला असता तर बरे झाले असते. उदाहरणादाखल जांभळी पाणकोंबडी घ्या. ती इथे बारा महिने असते, काठाशी येते, दुर्बिणीशिवायही दिसते. निळ्या-जांभळ्या अंगाची, लाल चोचीची ही पाणकोंबडी पाणकणसाचा देठ चोचीने उपटते आणि मग एका पायाच्या लांब बोटांत तो देठ मुठीत धरावा तसा धरते. दुसऱ्या पायावर उभी राहून तो तोंडाशी नेते, वरची साल सोलते आणि आतला पांढरा कोवळा गाभा खाते. सोललेली साल पाण्यावर तशीच तरंगत राहते. चालताना दर पावलाला शेपटी उडते आणि खालची पांढरी पिसे चमकतात. हे एवढे पाहायला पाच-सात मिनिटे तरी लागतात आणि एकदा पाहिल्यावर मुलांचे प्रश्न सुरू होतात. ती सोलूनच का खाते? दोन्ही पायांनी धरता येते की एकाच? पाय असे लांब कशाला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. पाणवनस्पतींच्या पसाऱ्यावरून ती चालू लागली की उत्तर समोर दिसते. शेजारीच कमळपक्षी पानांवरून चालत असेल तर तो त्या उत्तराला दुजोराच देतो. कमळपक्ष्यांमध्ये अंडी नर उबवतो, हे सांगितल्यावर सातवी-आठवीच्या वर्गात जी चर्चा रंगते, तीही ऐकण्यासारखी असते.

असे पाहायची सवय लागली की पुढचा धडा आपोआप येतो आणि माझ्या मते नांदूर मध्यमेश्वरचा खरा धडा तोच आहे: पाणी किती खोल, तसे पक्षी कोणते. शेकाट्याचे लालसर पाय लांबलचक असतात, तो पोटाला पाणी लागू न देता उथळ पाण्यात फिरतो. छोट्या तुताऱ्यांना तेवढेही पाणी चालत नाही, त्यांना नुसता ओला चिखल हवा. चमचा आपली चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. थापट्या बदके घोळक्याने गोल गोल पोहतात, त्यामुळे तळाचे बारीक जीव वर येतात आणि फावड्यासारख्या चोचीने ती ते गाळून घेतात. तलवार बदक शेपूट वर आणि डोके खाली करून लांब मान तळाशी पोचवते. टिबुकली आणि पाणकावळा बुडी मारतात, त्यांना खोल पाणी लागते. मुलांनी वहीत पाण्याची एक आडवी रेघ काढावी, तिच्याखाली उतरता तळ काढावा आणि जो पक्षी जिथे दिसला तिथे त्याचे नाव लिहावे. तासाभरात जे चित्र तयार होते ते कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा खरे असते, कारण ते त्या दिवसाचे असते.

आता हेच चित्र हलते कशामुळे, हे मुलांना विचारावे. कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, सुटले की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो, तुताऱ्या आणि शेकाटे येतात. वरून गंगापूर-दारणा धरणांचे पाणी सोडले की पातळी चढते, चिखल बुडतो आणि तेच पक्षी दुसरीकडे जातात. निफाड-कोपरगावच्या मुलांना आवर्तन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्यांच्या घरात ते रोज चर्चेत असते. पावसाळ्यात नांदूर मध्यमेश्वरमधून किती क्युसेकने विसर्ग चालू आहे, याची बातमी नाशिक-नगर-संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांत येते, कारण ते पाणी पुढे पैठणच्या जायकवाडी धरणात जाते आणि त्यावरून वाद होतात. ती कात्रणे मुलांनी जमवावीत. घरचा ऊस, कोपरगावचा कालवा, पैठणचे धरण आणि समोरच्या चिखलात चोच खुपसणारी तुतारी या सगळ्यांचा एकाच पाण्यावर हक्क आहे, ही जाणीव तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला झाली, तर पर्यावरण शिक्षणातला मोठा पल्ला गाठला असे मी समजेन. त्यात कोणाची बाजू घ्यायची हे शिक्षकाने सांगू नये. मुलांना वाद घालू द्यावा.

पाणी नुसते येत नाही, सोबत बरेच काही आणते. नाशिक शहरातून वाहत आलेली गोदावरी सांडपाणी घेऊन येते, शेतांतून खते उतरतात आणि त्या खाद्यावर जलपर्णी फोफावते. तिचा हिरवा गालिचा लांबून सुंदर दिसतो. मुलांना तो आवडतोही. पण त्याच्याखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि बदकांना उतरायला मोकळे पाणी उरत नाही. रामसरच्या नोंदीत या स्थळाला असलेल्या धोक्यांमध्ये जलपर्णीचा उल्लेख आहे. नाशिकच्या शाळांनी हा धडा आदल्या आठवड्यात रामकुंडावर सुरू करावा. तिथले पाणी बाटलीत घ्यावे, नांदूर मध्यमेश्वरचे घ्यावे, दोन्ही बाटल्या वर्गात शेजारी ठेवून आठवडाभर पाहाव्यात. वास, रंग, खाली बसणारा गाळ यांची नोंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. रामसरच्या नोंदीत एका माशाचेही नाव आहे, देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक लहानसा, अतिसंकटग्रस्त मासा. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की छायाचित्रकारांची झुंबड उडते, या माशाकडे कोणी बघत नाही. नाशिकच्या मुलांनी तरी त्याचे नाव ऐकलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

इथवर मी शहरातून बसने येणाऱ्या मुलांबद्दल बोलत होतो. पण या अभयारण्याचे पहिले विद्यार्थी काठच्या गावांतले असायला हवेत. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी इथल्या जिल्हा परिषद शाळांच्या मुलांना बस लागत नाही, परवानगीचा सोपस्कार सोडला तर काहीच खर्च नाही. त्यांना जे माहीत असते ते शहरातल्या मुलांना वर्षभर शिकवून येणार नाही. कोणत्या महिन्यात कुठल्या बाजूच्या बेटावर पाखरे बसतात, उसाला तोड आली की बिबट्या कुठे सरकतो, कोणत्या जाळ्यात कोणता मासा लागतो, हे ज्ञान घरातून आलेले असते. पण शाळेत त्याला जागा नसते आणि अभयारण्य म्हटले की त्यांच्या कानावर येतात त्या बंधनांच्याच गोष्टी. हे मूल मोठे झाल्यावर अभयारण्याकडे आपले म्हणून बघेल की अडचण म्हणून, हे त्याच्या शाळेवर बरेच अवलंबून आहे. कारण शेवटी ही पाणथळ राखायची आहे ती याच मुलांनी.

मुलांच्या घरच्या ज्ञानाला शाळेत जागा देण्याची आपल्याकडे परंपरा आहे, ती आपण विसरलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा उभी केली. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग गुरे जिथे चरतात तिथेच शाळा न्यायची, असे ठरले आणि कुरणशाळा सुरू झाली. झाडाची पाने, दगड, बिया हीच साधने. शिकायला मूल जिथे आहे तिथे आणि मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करावी, हे त्यांनी दाखवून दिले. आज पर्यावरण शिक्षणाचे जे नवे शास्त्र म्हणून सांगितले जाते त्यातले पुष्कळसे कोसबाडला होऊन गेले आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या काठावरच्या शाळेने तेच केले तर तिला नवे काही शोधावे लागणार नाही. शहरातली शाळा येईल त्या दिवशी गावातली चार मुले त्यांच्या गटांत मिसळली आणि त्यांनी ‘ते बघ तिकडे’ म्हणून दाखवले, तर पाहुण्या मुलांना जे मिळेल ते कुठल्याही माहितीफलकावर मिळणार नाही.

शिक्षकांच्या मनात एक भीती असते: आपल्याला पक्षी ओळखता येत नाहीत, मग मुलांना काय सांगणार? ही भीती निराधार आहे. नावे गाईड सांगेल, मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश ग्रंथालयात असेल, सलीम अलींच्या पुस्तकातली चित्रे आहेत. शिक्षकाने फक्त मुलांबरोबर पाहायचे आहे आणि ‘मलाही माहीत नाही, शोधू या’ असे म्हणायचे आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यभर साजरा होतो. ५ ही चितमपल्लींची जन्मतारीख, १२ ही सलीम अलींची. तोवर उत्तरेकडची बदके पोचलेली असतात, सहलींची गर्दी अजून सुरू झालेली नसते. भेटीसाठी याहून चांगला आठवडा शोधून सापडणार नाही.

वयाप्रमाणे काय सांगावे, याचाही विचार या पुस्तिकेत आहे. चौथी-पाचवीच्या मुलांपुढे प्रदूषण, तापमानवाढ आणि जाती नष्ट होण्याच्या गोष्टींचा भडिमार करू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या पक्ष्याशी अजून ओळख झाली नाही, त्याच्या मरणाची बातमी ऐकून मूल एक तर घाबरते किंवा कंटाळते. त्या वयात ओळख होऊ द्यावी, मजा येऊ द्यावी. विसर्ग, सांडपाणी, कायदा हे नववी-दहावीसाठी आहे आणि तेव्हा मात्र काहीही लपवू नये.

नियम थोडेच आहेत, पण ते पाळलेच पाहिजेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्राण्या-पक्ष्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे यांना मनाई आहे. मुलांना हे धमकी म्हणून न सांगता कारणासह सांगावे: सैबेरियाहून आलेले बदक इथे विश्रांती घेते आणि परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवते. आपण ओरडून ते उडवले, तर तेवढी साठवण खर्ची पडते. हे कारण पटले की आवाज आपोआप उतरतो. भडक कपडे नकोत, खाणे पानात किंवा स्टीलच्या डब्यात, पक्ष्यांना खाऊ घालणे नाही. काठाचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि पाय ठेवला की गुडघाभर आत जातो, म्हणून गाईडच्या पुढे कोणी जायचे नाही.

शेवटची सूचना परत येण्याची. एकाच वर्गाला नोव्हेंबरात आणावे आणि तोच वर्ग उन्हाळ्यात, पावसाआधी, पुन्हा आणावा. तेव्हा बदके गेलेली असतात, पाणी आटलेले असते, गाळाला भेगा पडलेल्या असतात आणि मुले निराश होऊन विचारतात, ‘सर, पक्षी कुठे गेले?’ हिवाळ्यात काढलेले खोलीचे चित्र तेव्हा वहीतून काढावे आणि त्याच जागेवरून दुसरे काढायला सांगावे. दुसऱ्या भेटीचा खर्च शाळांना जड वाटतो, हे मला माहीत आहे. तरी देवस्थाने आणि लेणी घालून एक मोठी सहल करण्यापेक्षा याच ठिकाणी दोन छोट्या भेटी ठेवाव्यात.

हे जे नांदूर मध्यमेश्वरबद्दल लिहिले आहे, ते थोड्याफार फरकाने कर्नाळ्याला, जायकवाडीला, गोव्यात चोडण बेटावरच्या सलीम अली अभयारण्यालाही लागू पडेल. तिथल्या शिक्षकांनी आपापल्या पाण्याचा, जंगलाचा आणि माणसांचा धडा स्वतः बसवावा. पुढच्या पानांवर दिलेले उपक्रम, वहीचे नमुने आणि वेळापत्रक जसेच्या तसे उचलण्यासाठी नाहीत. ते मोडून आपल्या वर्गाला बसतील असे करून घ्यावेत. एवढी एक विनंती मात्र प्रत्येक शिक्षकाला आहे: सहलीची तारीख ठरवण्याआधी, पालकांकडून पैसे जमा करण्याआधी, एका रविवारी मुलांना न घेता तुम्ही स्वतः सकाळी सातला चापडगावच्या मनोऱ्यावर या आणि नऊपर्यंत थांबा.